बारा दासींचं प्रकरण

होमरच्या ‘ओडिसी’त २४ सर्ग आहेत आणि सुमारे १२,००० ओळी. त्यांतल्या बाविसाव्या सर्गाच्या शेवटाकडे १२ तरुण दासींना फासावर लटकवलं जातं. ते लटकवणं दहाएक ओळींत आटोपतं आणि काव्य पुढे जातं. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांची पाठ मात्र या ओळींनी सोडली नाही. २००५ साली आलेल्या ‘द पेनेलोपियाड’ या छोटेखानी कादंबरीच्या प्रस्तावनेतच त्या म्हणतात, की ‘ओडिसी’ बारकाईनं वाचली की दोन प्रश्न उरतात: दासींना फाशी का झाली, आणि नायक ओडिसियसची बायको पेनेलोपी हिच्या मनात नेमकं चाललं होतं काय.

आमच्या वाचनगटानं ही कादंबरी घेतली तेव्हा बहुतेकांनी ती दुसऱ्या प्रश्नाचं पुस्तक म्हणून वाचली आणि पहिला प्रश्न वाटेत सोडून दिला. पुराणकथेवर बेतलेल्या आधुनिक कादंबरीचं वाचन कुठे घसरतं आणि मूळ ग्रंथ शेजारी उघडा ठेवला की ते कसं पालटतं, हे मला या एका पुस्तकात फार स्वच्छ दिसलं. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

होमर काय सांगतो

ओडिसियस इथाका बेटाचा राजा. ट्रॉयच्या युद्धात त्याची १० वर्षं गेली, परतीच्या वाटेवर आणखी १०. तो मेला असं धरून इथाका आणि आसपासच्या बेटांवरचे तरुण सरदार त्याच्या वाड्यात ठाण मांडून बसतात. सोळाव्या सर्गात त्याचा मुलगा टेलेमाकस बापाला त्यांचा हिशेबच देतो: डुलिकियमचे ५२, सामेचे २४, झाकिंथसचे २०, खुद्द इथाकाचे १२. एकूण १०८. हे सगळे ओडिसियसचीच गुरं-डुकरं कापून खातात, त्याचीच वाइन पितात आणि पेनेलोपीनं आपल्यापैकी एकाशी लग्न लावावं म्हणून अडून बसतात. म्हाताऱ्या सासऱ्यासाठी कफन विणायला घेतलंय, ते पुरं झालं की ठरवते, असं ती सांगते. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं हे निभतं. मग दासी फितूर होतात आणि ती पकडली जाते.

ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात येतो आणि दिवाणखान्याची दारं बंद करून सगळ्यांना ठार करतो. त्यानंतर तो आपल्या म्हाताऱ्या दाईला, युरिक्लियाला, बोलावून विचारतो, की घरातल्या बायकांपैकी कोण निष्ठेनं राहिल्या आणि कोणी शेण खाल्लं. ती सांगते, की वाड्यात ५० दासी आहेत, त्यांतल्या १२ बेशरम निघाल्या. त्या १२ जणींना आत आणलं जातं. आधी त्यांच्याकडून प्रेतं बाहेर काढून घेतली जातात. यांतले काही पुरुष आदल्या रात्रीपर्यंत त्यांच्या शेजारी झोपत होते. मग पाणी आणि स्पंज घेऊन त्यांनी टेबलं-खुर्च्या पुसायच्या. घर स्वच्छ झालं की त्यांना अंगणात नेऊन तलवारीनं तोडा, असा ओडिसियसचा हुकूम. टेलेमाकसला तेवढं पुरत नाही. माझा आणि माझ्या आईचा अपमान करणाऱ्यांना मी स्वच्छ मरण देणार नाही, असं म्हणून तो जहाजाचा दोर आणतो, खांबाला आणि अंगणातल्या गोल इमारतीला बांधतो आणि त्यांना ओळीनं टांगतो. घरट्याकडे परतताना जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा होमर इथे देतो. पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, असंही सांगतो. पेनेलोपी तेव्हा वरच्या मजल्यावर झोपलेली असते. अ‍ॅथीना देवीनं तिला गाढ झोप दिलेली असते.

एवढं वाचून होमरवर चिडणं सोपं आहे. पण त्याच काव्यात पुरावे किती पडले आहेत ते पाहावं. याच सर्गाच्या सुरुवातीला ओडिसियस आपली ओळख उघड करतो आणि त्या पुरुषांवर आरोप ठेवतो. त्यातला एक आरोप असा, की तुम्ही माझ्या घरातल्या दासींवर जबरदस्ती केलीत. म्हणजे जबरदस्ती झाली हे खुद्द फिर्यादीला मान्य आहे. पुढे चारशेएक ओळींवर त्याच फिर्यादीच्या हुकमानं दासी मारल्या जातात.

पहिल्या सर्गात युरिक्लियाची ओळख करून देताना होमर सांगतो, की ओडिसियसचा बाप लायर्टीस यानं तिला तरुणपणी २० बैलांच्या किमतीला विकत घेतलं आणि बायकोच्या रागाला भिऊन तिला कधी शेजेवर घेतलं नाही. घेतलं असतं तर तो त्याचा हक्कच होता, हे यात गृहीत आहे. या बायका पगारी कामकरणी नव्हत्या. त्यांना सोडून जाता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. १२ जणींचा गुन्हा तिथे आहे: मालकाच्या वस्तू मालकाला न विचारता वापरल्या गेल्या आणि शिक्षा वस्तूंना झाली.

आणि तरीही होमर एवढ्यावर थांबत नाही. विसाव्या सर्गात ओडिसियस रात्री अंगणाकडच्या पडवीत जागा पडलेला असताना या मुली हसत-खिदळत त्या पुरुषांकडे जाताना त्याला दिसतात आणि पिल्लांवर उभ्या राहिलेल्या कुत्रीसारखं त्याचं काळीज गुरगुरतं. मेलान्थो नावाची दासी तर त्या सरदारांपैकी युरिमाकसशी राजीखुशीनं संबंध ठेवते असं स्पष्ट म्हटलं आहे. जबरदस्तीही आहे, खिदळणंही आहे. कवीनं दोन्ही ठेवलं आणि कुठलंच पुसलं नाही. आजच्या कादंबरीकाराला जागा मिळते ती होमरच्या या प्रामाणिकपणामुळे. तो एकतर्फी असता तर उकरायला काहीच उरलं नसतं.

गटानं कादंबरी कशी वाचली

कादंबरीत पेनेलोपी मृतांच्या जगातून बोलते. ती मरून हजारो वर्षं झाली आहेत, आता बोलायला हरकत नाही, म्हणून ती आपली कहाणी सांगते: स्पार्टाचा राजा इकारियस हा तिचा बाप, त्यानं तिला लहानपणी समुद्रात फेकलं आणि बदकांनी वाचवलं, आई जलपरी, लेकीकडे लक्ष नसलेली, चुलतबहीण हेलन, जिच्या रूपापुढे हिला कुणी विचारलं नाही. पुढे लग्न, सासर, वाट पाहणं. आपल्या पातिव्रत्याची गोष्ट करून ती इतर बायकांना बडवायची काठी म्हणून वापरली गेली, याचा तिला राग आहे. आवाज लाघवी आहे, चलाख आहे, जवळचा वाटतो.

आमच्याकडे बहुतेकांनी त्या आवाजावर विश्वास ठेवला. “अखेर तिची बाजू कुणीतरी मांडली,” हे वाक्य पहिल्या बैठकीत वेगवेगळ्या तोंडून आलं. यात नवल नाही. पुराणकथेची पुनर्कथा म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात एक साचा तयार असतो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण बोलतात. आवाज अनेक असले तरी ‘मृत्युंजय’ मिटताना आपण कर्णाच्या बाजूचे झालेलो असतो. साक्षीदार एकमेकांना आधार देत जातात. या वाचनाचं संस्कारमूल्य मी कमी लेखत नाही. मी त्यावरच वाढले. पण तीच सवय घेऊन ‘पेनेलोपियाड’कडे गेलं की त्यातली २९ पैकी ११ प्रकरणं मधली करमणूक वाटू लागतात. तसंच झालं. ही ११ प्रकरणं दासींची आहेत. कुणी ती भराभर उलटली, कुणी “मधली गाणी” म्हणून सोडून दिली.

गटात एक निवृत्त वकीलबाई आहेत, आम्ही त्यांना वकीलकाकू म्हणतो. त्यांनी उभा जन्म फौजदारी खटल्यांत काढला. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “या बाईचा जबाब आपण वाचला. तिची उलटतपासणी कुणी वाचली?” उलटतपासणी आहेच कुठे, असं कुणीतरी म्हणालं. त्या म्हणाल्या, “तुम्ही सोडून दिलेल्या पानांत.”

त्यानंतर आम्ही ती पानं मोठ्यानं वाचली, बाविसावा सर्गही वाचला, आणि कादंबरी पुन्हा पहिल्यापासून घेतली.

सोडून दिलेली पानं

दासींचं पहिलं प्रकरण म्हणजे दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायचं गाणं. शाळेच्या अंगणात मुली म्हणतात तसल्या ठेक्यात, गळ्यात दोर पडलेल्या मुली बोलतात. आम्हांला तुम्ही मारलंत, तुम्ही वाऱ्यावर सोडलंत, आमचे पाय हवेत नाचले. होमरच्या त्या एका ओळीतले पाय इथून उचलले आहेत. मारणारे आणि वाऱ्यावर सोडणारे हे दोन निरनिराळे आरोप आहेत, हे पहिल्या वाचनात कुणाच्या लक्षात आलं नाही. मारणारा ओडिसियस. वाऱ्यावर सोडणारं कोण?

नंतरच्या प्रत्येक प्रकरणाला वेगळा घाट आहे: आपल्या बालपणाचा विलाप, लोकगीत, टेलेमाकसच्या जन्माचं काव्य, खलाशांचं गाणं, पोवाड्यासारखं कथागीत, नाटुकलं, व्याख्यान, खटला. प्राचीन अथेन्सच्या रंगभूमीवर नायकाच्या भाषणांमध्ये वृंद, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या पात्रांचा गट, येऊन बोलत असे आणि शोकांतिकांच्या जोडीनं एक टवाळ नाटकही सादर होत असे. अ‍ॅटवुड यांनी ही पद्धत जाणूनबुजून घेतली आहे. एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंपरा सांगते, की नाटककार सोफोक्लिसनं वृंदाची संख्या १५ केली, त्याआधी, ईस्किलस या नाटककाराच्या काळात, ती १२ होती. होमरच्या मेलेल्या दासी नेमक्या १२. अख्खा वृंद. ग्रीक वृंद राजाच्या घरात काय चाललंय ते पाहतो, घाबरतो, टिपण्णी करतो, पण सहसा त्याला कुणी हात लावत नाही. इथे मारला गेलेला वृंदच रंगमंचावर आला आहे.

बालपणाच्या विलापात आणि टेलेमाकसच्या जन्माच्या काव्यात मिळून त्या आपली आणि टेलेमाकसची तुलना करतात. तोही बाळ होता, आम्हीही बाळं होतो. पण आमचे आईबाप गुलाम, आम्ही विकत घेतलेल्या किंवा उचलून आणलेल्या. कादंबरीत त्यांतल्या बऱ्याच जणी टेलेमाकसबरोबर खेळत वाढलेल्या आहेत. पुढे त्याच मुलाच्या हातात दोर येतो. हे कळल्यावर होमरमधलं टेलेमाकसचं वाक्य, मी यांना स्वच्छ मरण देणार नाही, वेगळंच ऐकू येतं. मोठा होऊ पाहणाऱ्या मुलाला बापासमोर आपलं पुरुषपण सिद्ध करायचं आहे आणि त्यासाठी हाताशी या मुली आहेत.

मानववंशशास्त्राचं व्याख्यान वाचताना गट गोंधळला, आणि तो गोंधळ खरा होता. त्यात दासी विद्वानांच्या भाषेत सांगतात, की आम्ही १२ आणि पेनेलोपी मिळून १३, म्हणजे वर्षाचे १३ चांद्रमास. ही मातृसत्ताक चंद्रदेवतेच्या पंथाची आणि तो पंथ उखडून टाकल्याची स्मृती असावी. या धर्तीचं स्पष्टीकरण रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी ग्रीक पुराणकथांवरच्या आपल्या १९५५ च्या ग्रंथात जागोजागी केलं आहे आणि अ‍ॅटवुड यांनी त्यांचं ऋण मान्य केलं आहे. पण व्याख्यानाच्या शेवटी दासी श्रोत्यांना सांगतात, की आम्हांला खऱ्या मुली समजायची गरज नाही, खरं दुःख, खरा अन्याय असं काही मनावर घेऊ नका, आम्ही निव्वळ प्रतीक आहोत असं धरा. मला वाटतं, संपूर्ण पुस्तकातली सर्वांत कठोर जागा ही आहे. मारलेल्या माणसाला प्रतीक करून टाकणं ही सुशिक्षितांची पळवाट असते आणि ती वाचनगटांनाही उपलब्ध असते. आमच्यातल्या एकांनी तोवर “दासी म्हणजे पेनेलोपीचं दडपलेलं मन” असं टिपण करून आणलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं नाही.

खटल्याच्या प्रकरणात ओडिसियस आरोपी आहे, आणि आरोप आहे त्या सरदारांना मारल्याचा. स्वसंरक्षण म्हणून न्यायाधीश प्रकरण मिटवायला निघतात तेव्हा मागून दासी ओरडतात: आमचं काय? मग ‘ओडिसी’चं पुस्तक काढून बाविसावा सर्ग वाचला जातो. आम्ही ज्या क्रमानं अडखळत तिथे पोचलो, त्याच क्रमानं न्यायालय पोचतं. बचावाचा वकील म्हणतो, की यांचा गुन्हा मालकाच्या परवानगीविना बलात्कार करवून घेतल्याचा. वाक्य भयानक आहे आणि होमरच्या जगाचा कायदा ते अचूक सांगतं. २० बैलांना विकत घेतलेल्या युरिक्लियाचा तपशील आठवला की ते अतिशयोक्त वाटत नाही. न्यायाधीश शेवटी खटला काढून टाकतात. जुन्या काळाला आजचे मापदंड लावायचे नसतात, असं त्यांचं कारण.

हे कारण आपण रोज ऐकतो. वकीलकाकूंचं यावर म्हणणं असं, की काळाचा मुद्दा शिक्षेच्या वेळी विचारात घ्यावा, घटना घडली की नाही हे ठरवताना नाही. मला ते पटलं. ओडिसियसला आजचा गुन्हेगार ठरवण्यात मला रस नाही. तो स्वतः जबरदस्ती झाली म्हणतो आणि स्वतःच मारतो, हे त्याच्याच काळातल्या काव्यात लिहिलेलं आहे. ते पाहायला आजचा मापदंड लागत नाही.

पेनेलोपीचा जबाब

आता तिच्याकडे. कादंबरी तिच्याबद्दल जे नवीन सांगते त्यातलं सर्वांत मोठं हे, की कफन उसवायला तिनं स्वतः १२ मुली निवडल्या. रात्री त्या तिच्या खोलीत बसून धागे सोडत, खायला आणलेलं वाटून घेत, हसत. त्याच मुलींना तिनं त्या पुरुषांत मिसळायला सांगितलं: त्यांचे बेत काढून आणा, विश्वास बसावा म्हणून माझ्याबद्दल वाटेल ते वाईट बोला. त्यात काहींवर बलात्कार झाले, काहींना भुलवलं गेलं, काहींनी प्रतिकार करण्यापेक्षा मान तुकवणं बरं असं ठरवलं. पेनेलोपी हे सगळं सांगते. मी त्यांना समजावलं, त्यांच्या जखमा पाहिल्या, हेही सांगते. आणि तुम्ही हे मालकासाठी करता आहात, असं आपण त्यांना म्हणत होतो, हेही.

म्हणजे युरिक्लियानं ज्या १२ जणींकडे बोट दाखवलं, त्या सर्वांत निष्ठावान होत्या. युरिक्लियाला हा बेत ठाऊक नव्हता, कारण पेनेलोपीनं तो तिला सांगितलाच नव्हता.

तारखा लावाव्यात तसे आम्ही प्रसंग लावले. भिकाऱ्याच्या वेषात नवरा आलाय हे कादंबरीतल्या पेनेलोपीला पहिल्यापासून कळलं होतं. (हा वाद फार जुना आहे, ती त्याला आधीच ओळखते का, असल्या प्रश्नांत वेळ दवडू नये असं रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं अठ्ठ्याऐंशीव्या पत्रात बजावलं आहे, म्हणजे इ. स. पहिल्या शतकातही लोक तो दवडत होते.) तो किती निर्दय होऊ शकतो हे तिला ठाऊक होतं. आपल्या मुली आपल्याच सांगण्यावरून सर्वांदेखत उर्मट वागताहेत आणि तो ते पाहतो आहे, हेही दिसत होतं. हत्याकांडापूर्वी त्याला किंवा दाईला एक वाक्य सांगायला वेळ होता. ती झोपली. होमरमध्ये झोप देवीनं आणली. कादंबरीत ती बहुधा दाईनंच पेयातून काहीतरी दिलं असेल असं सुचवते. होमरनं दिलेली झोप तिच्या जबाबात अशी सोयीची होऊन बसते.

आणि उठल्यावर? युरिक्लिया आनंदानं बातमी देते. पेनेलोपी जीभ चावते. रडून मुली परत येणार नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, पण गुपचूप, नाहीतर ओडिसियसला माझाही संशय येईल, असा तिचा हिशेब. ही ओळ तिनं स्वतःहून दिली आहे. उलटतपासणी करणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दासींच्या नाटुकल्यात तर आरोप याहून पुढे जातो. त्यात पेनेलोपी अ‍ॅम्फिनोमस नावाच्या उमेदवाराला घाईघाईनं मागच्या वाटेनं काढून देते आणि ज्यांना सगळं ठाऊक आहे त्या १२ जणींची तोंडं बंद करायचं ती आणि दाई मिळून ठरवतात. पेनेलोपीच्या चारित्र्याबद्दलच्या अशा कथा प्राचीन काळातही होत्या. एका कथेत तर ती सगळ्याच पुरुषांशी संग करते आणि पॅन देवाला जन्म देते. नाटुकलं खरं धरायचं का? मला वाटतं, नाही. कादंबरीही ते खरं आहे असं म्हणत नाही. पण मेलेल्या मुलींना आपल्या मालकिणीबद्दल असं वाटू शकतं, ही वस्तुस्थिती त्यानं नोंदवली जाते. मृतांच्या जगात त्या पेनेलोपीशी बोलत नाहीत. ती हाक मारते तेव्हा त्या पळून जातात.

कादंबरीचे कच्चे दुवेही आहेत. हेलनची प्रकरणं मला पातळ वाटली. दोन बहिणींची रूपावरून चाललेली टोमणेबाजी पुन्हापुन्हा येते, आणि जिच्या नावावर युद्ध झालं तिच्याकडे एवढंच सांगण्यासारखं असेल हे पटत नाही. मृतांच्या जगातल्या पेनेलोपीनं आधुनिक जगावर मारलेले शेरेही लवकर शिळे होतात. याउलट दासींची प्रकरणं वीस वर्षांनंतरही ताजी आहेत. २००७ साली शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावी या कादंबरीचं नाटक झालं, सगळ्या भूमिका स्त्रियांनी केल्या. वाचताना ‘मधली गाणी’ वाटणारी पानं रंगमंचावर कशी मध्यभागी आली असतील याची कल्पना करता येते.

निषादी

तिसऱ्या बैठकीत गटातल्या एका शिक्षकांनी आदिपर्वातलं जतुगृह काढलं. पांडवांना जाळण्यासाठी वारणावतात लाखेचं घर बांधलेलं असतं. कुंती त्या रात्री अन्नदान करते. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह येते, खाते, पिते आणि तिथेच झोपते. भीम घराला आग लावतो, पांडव आणि कुंती भुयारातून निसटतात, आणि सकाळी राखेत एका बाईचा आणि पाच पुरुषांचे देह सापडल्यामुळे पांडव मेले अशी सगळ्यांची खात्री पटते. आपण सगळ्यांनी ही गोष्ट लहानपणी ऐकली आहे. पांडव कसे वाचले, ही तिची रंगत असते. सहा माणसं कोण होती, हे बहुतेक कीर्तनांत आणि बालभारतांत एका ओळीत उरकतं. महाश्वेतादेवींनी बंगालीत यावर कथा लिहिली, तीत वनात आलेल्या म्हाताऱ्या कुंतीला एक निषादी गाठते आणि जाब विचारते.

या उदाहरणानं जे झालं ते महिनाभराच्या चर्चेनं झालं नव्हतं. इथाकाचा वाडा आमच्यासाठी परका होता. पेनेलोपीवर माया करणं फुकट होतं. कुंतीचं तसं नाही. कुंतीला ठाऊक होतं का, तिनं मुद्दाम बोलावलं का, आणि नसेल बोलावलं तर सकाळी भुयारापलीकडे तिच्या मनात काय आलं असेल, हे प्रश्न विचारताना खोलीतले आवाज बदलले. पेनेलोपीचं जीभ चावणं तेव्हा कळलं.

म्हणून माझा आग्रह असा: अशी कादंबरी हातात घेणाऱ्यानं आधी अख्खी ‘ओडिसी’ वाचलीच पाहिजे असं नाही. कादंबरी आधी वाचावी, तिच्यावर भाळावं. मग अठराव्यापासून बाविसाव्यापर्यंतचे सर्ग वाचावेत. आणि मग कादंबरीकडे परत यावं. मूळ नुसतं माहीत असून भागत नाही. ज्या ठिकाणी पुनर्कथेनं हात घातला आहे ती जागा डोळ्यांसमोर हवी. एकोणिसाव्या सर्गातलं स्वप्नच घ्या. पेनेलोपीला स्वप्नात आपली २० हंसबदकं गरुडानं मारलेली दिसतात आणि ती रडते. ओडिसियस अर्थ सांगतो, की बदकं म्हणजे ते पुरुष. पण मग ती त्यांच्यासाठी रडते का, हा होमरमधला जुना खिळा. कादंबरी म्हणते, नवऱ्यानं अर्थ चुकीचा लावला. बदकं म्हणजे माझ्या मुली होत्या. मूळ वाचल्याशिवाय ही दुरुस्ती किती नेमकी बसते ते कळत नाही. या कादंबरीनंतर ग्रीक कथांच्या पुनर्कथांची लाट आली. मॅडलिन मिलर यांच्या ‘सर्सी’त (२०१८) टेलेमाकस स्वतः त्या फाशीचं ओझं वागवताना दिसतो. ज्यानं बाविसावा सर्ग वाचलाय त्याला तिथे दोन पानांत जे मिळतं ते इतरांना मिळणार नाही.

निकालावर आमचं एकमत झालं नाही. वकीलकाकूंच्या मते पेनेलोपी दोषी धरता येत नाही: तिच्या हातात सत्ता नव्हती, संशय आला असता तर बारांच्या जागी तेरा दोर लागले असते, आणि धाकाखाली धरलेलं मौन हा गुन्ह्यातला सहभाग नव्हे. हत्याकांडापूर्वीच्या मौनाबद्दल मी हे मान्य करते. नंतरच्या मौनाबद्दल नाही. मुली मेल्यावर, नवरा शेजारी आल्यावर, वर्षानुवर्षं तिला एक वाक्य बोलता आलं असतं: त्या माझ्या सांगण्यावरून गेल्या होत्या. त्यांचा जीव परत आला नसता, त्यांचं नाव स्वच्छ झालं असतं. ते ती बोलली नाही, आणि होमरच्या काव्यात त्या बेशरमच राहिल्या.

एक धागा कादंबरीनं उलगडलेला नाही, आणि पुढच्या बैठकीला आम्ही तोच घेणार आहोत. होमरनं मेलान्थोला नाव दिलं आहे, बापाचं नावही दिलं आहे: डोलियस. पेनेलोपीनं तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, मनाजोगती खेळणी दिली, असं अठराव्या सर्गात आहे. चोविसाव्या सर्गात ओडिसियस म्हाताऱ्या बापाच्या मळ्यावर जातो तेव्हा तिथे डोलियस नावाचा म्हातारा नोकर आपल्या सहा मुलांसह येतो, मालकाचे हात हातात घेऊन स्वागत करतो आणि त्याच्या बाजूनं लढायला शस्त्रही घेतो. दोन्ही ठिकाणचा डोलियस एकच असेल, तर त्याची मुलगी आदल्याच दिवशी या माणसाच्या अंगणात टांगली गेली आहे. तो मालक परत आल्याचं पेनेलोपीला कळलंय का, की निरोप धाडू, एवढंच विचारतो. काव्य त्याच्या मुलीबद्दल तिथे एक शब्द बोलत नाही. वकीलकाकूंचं म्हणणं आहे, की पुढचा साक्षीदार हा; मला वाटतं, पुढची कादंबरी याची.